रेकीची पाच तत्त्वं रोज जगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून उपचार करायची जपानी पद्धत. तिच्या पहिल्या वर्गात हात कुठे आणि किती वेळ ठेवायचे हे शिकण्यातच सगळा वेळ जातो आणि तत्त्वांचा कागद शेवटच्या दहा मिनिटांत हातात पडतो. माझ्या बाबतीतही असंच झालं. तो कागद मी फाइलमध्ये घातला आणि दोन वर्षं बाहेर काढला नाही. पुढे घरातल्या एका लांबलेल्या आजारपणात तो पुन्हा सापडला आणि तेव्हा कळलं, आपण रेकी अर्धीच शिकलो, तीही नंतरची अर्धी. खालचे प्रश्न मला शिकायला आलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. काही मी स्वतःला विचारत आले आहे.

ही तत्त्वं नेमकी कोणती?

मूळ जपानी ओळींचा सरळ मराठी अर्थ असा:

आजच्या दिवसापुरतं
रागावू नकोस.
चिंता करू नकोस.
कृतज्ञ राहून
आपलं काम मन लावून कर.
लोकांशी मायेनं वाग.

उच्चार ऐकायला आवडत असेल तर: क्यो दाके वा, इकारु ना, शिन्पाई सुना, कान्शा शिते, ग्यो ओ हागेमे, हितो नि शिन्सेत्सु नि. जपानीत या पाचांना ‘गोकाई’ म्हणतात. ‘कान्शा शिते’ हे रूप आपल्या ‘राहून’, ‘होऊन’सारखं आहे, म्हणजे ते पुढच्या ओळीत ओघळतं. तत्त्वं मोजताना कृतज्ञता वेगळी धरतात, पण म्हणताना ती कामाला चिकटूनच येते. मला हे फार आवडतं. कृतज्ञता ही बसून करायची वेगळी गोष्ट राहत नाही, काम करता करता बाळगायची होते.

ती कुणी सांगितली?

मिकाओ उसुई यांनी. त्यांचा जन्म १८६५ सालचा, जपानमधल्या गिफू प्रांतातला. १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर ते एकवीस दिवस उपास करून ध्यानाला बसले. तिथे आलेल्या अनुभवावर रेकीची पद्धत उभी राहिली. त्याच वर्षी ते तोक्योला जाऊन शिकवू लागले. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो आणि योकोहामाचा परिसर भूकंपानं उद्ध्वस्त झाला, लाखाहून अधिक माणसं गेली, आणि उसुई जखमींमध्ये फिरून उपचार करत राहिले. ९ मार्च १९२६ रोजी त्यांचं निधन झालं. म्हणजे शिकवायला मिळाली ती जेमतेम चार वर्षं.

शिष्यांनी १९२७ मध्ये तोक्योतल्या साइहोजी मंदिरापाशी त्यांची स्मृतिशिला उभारली. तिच्यावर जे कोरलं आहे त्याचा आशय असा की या पद्धतीचं उद्दिष्ट केवळ रोग बरा करण्यापाशी थांबत नाही. मन नीट व्हावं, शरीर निरोगी राहावं आणि माणसानं आयुष्याचं सुख भोगावं, हे तिला हवं आहे. म्हणून शिकवताना आधी जपानचे सम्राट मेइजी यांचा उपदेश समजावून द्यायचा आणि पाच तत्त्वं सकाळ-संध्याकाळ म्हणायला लावायची. ‘आधी’ या शब्दापाशी मी पहिल्यांदा वाचताना अडखळले होते. आपण सगळे तत्त्वं शेवटी शिकवतो.

दीक्षा घेतलेली नाही. तरी तत्त्वं पाळता येतील?

हो, आजपासून. दीक्षा म्हणजे गुरूंकडून होणारा रेकीचा विधी, तिचा संबंध हातांनी करायच्या उपचाराशी आहे. मायेनं वागण्यासाठी कुणाकडून काही घ्यावं लागत नाही.

प्रत्येक वेळी ‘आजच्या दिवसापुरतं’ कशासाठी म्हणायचं? चांगलं वागायचं तर कायमच वागावं ना?

मला विचाराल तर पाचही तत्त्वांचा जीव या दोन शब्दांत आहे. ‘क्यो’ म्हणजे आज, ‘दाके’ म्हणजे फक्त.

‘यापुढे कधीही रागावणार नाही’ असा संकल्प करून पाहा. बहुतेक वेळा तो दुपारपर्यंत मोडतो. मोडला की माणूस स्वतःवर चिडतो, म्हणजे रागावर राग चढतो, आणि आठवड्याभरात सगळंच सुटतं. संकल्प वाईट नसतो, तो हातात मावत नाही इतका मोठा असतो. एक दिवस मात्र मावतो. त्याला सकाळ असते, रात्र असते, आणि रात्री झोपताना तो हातातून खाली ठेवता येतो. काल जे जमलं नाही त्याचं ओझं आजच्या खात्यावर येत नाही.

याची दुसरी बाजू मात्र कडक आहे. ‘आज’ म्हटलं की पुढे ढकलायची सोय संपते. ‘मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग शांतपणे वागेन’, ‘ही नोकरी सुटू दे, मग बघू’ असं म्हणता येत नाही. ज्या दिवशी डोकं दुखतंय, पाहुणे यायचेत, बँकेचं काम अडलंय, त्याच दिवसाबद्दल आपण बोलत असतो.

आणि कधी कधी एक दिवससुद्धा फार मोठा असतो. घरात आजारपण होतं तेव्हा रात्री उशाशी बसून मी ‘आज’ म्हणू शकत नव्हते, सकाळ कशी उजाडेल याचीच खात्री नव्हती. तेव्हा मी ‘या तासापुरतं’ म्हणू लागले. एखाद्या रात्री ‘पुढचं औषध देईपर्यंत’. तत्त्वाचा त्यात काही भंग होतो असं मला वाटत नाही. जेवढा काळ पेलवतो तेवढाच धरायचा, हेच तर त्या शब्दांनी शिकवलं.

राग येणं नैसर्गिक आहे. मग ‘रागावू नकोस’ म्हणणं म्हणजे भावना दाबणं नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो योग्यच आहे.

आपल्या भाषेनंच याचं अर्धं उत्तर देऊन ठेवलं आहे. आपण ‘मला राग आला’ म्हणतो, जसं ‘मला ताप आला’, ‘मला शिंक आली’. तो येतो, आपण त्याला बोलावलेलं नसतं. ‘मी रागावले’ हे मात्र माझं करणं आहे. जपानी ओळीतही क्रियापद आहे, ‘रागावू नकोस’. येणाऱ्या रागाला तिथे बंदी नाही. तो आल्यावर मी त्याच्या हाती जीभ, हात, दार आपटणं आणि मोबाइल देऊन टाकते की नाही, एवढंच विचारलं आहे.

दाबणं वेगळं. दाबलेला राग जात नाही, तो दुसऱ्या दारानं बाहेर पडतो. ऑफिसातला संध्याकाळी मुलांवर निघतो, सासरचा भांड्यांवर. म्हणून पहिलं काम आहे ते आलेल्या रागाला ओळखणं. माझ्या बाबतीत तो आधी जबड्यात येतो, मग कानाच्या पाळ्या गरम होतात. तुमच्याकडे तो पोटात येत असेल, छातीत, खांद्यांत. त्याची जागा एकदा कळली की शब्द सुटण्याआधी दोन-तीन क्षण मिळतात. त्या क्षणांत हात तिथे ठेवायचा. आपण रेकी करणारी माणसं, हात ठेवणं आपल्याला येतंच. श्वास आत घेतला त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडायचा, तीन वेळा. मनात नुसतं म्हणायचं, ‘राग आलाय’. कुणामुळे, कशामुळे, त्यानं असं करायलाच नको होतं, हे सगळं तेवढ्यापुरतं बाजूला.

लेखी भांडणांसाठी माझा एक नियम आहे. उत्तर पूर्ण लिहायचं, हवं तितकं तिखट लिहायचं, आणि पाठवायचं नाही. सकाळी वाचायचं. त्यातलं एखादं वाक्य खरंच सांगण्यासारखं असतं. तेवढं ठेवून बाकीचं पुसायचं.

मग अन्याय झाला तरी गप्प बसायचं?

नाही. अन्याय सोसा असं या पाच ओळींत कुठेही नाही. तक्रार करा, लेखी करा, ठाम नकार द्या, हक्काचं मागा. न रागावता म्हटलेलं ‘हे मला चालणार नाही’ जास्त दूर पोचतं, कारण समोरच्याला तुमच्या आवाजाबद्दल बोलून मुद्दा टाळता येत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. घरात मारहाण होत असेल, अपमान रोजचा झाला असेल, तर ‘मी रेकी करते, मी रागावायचं नाही’ असं म्हणून तिथे थांबू नका. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसांना सांगा, कायद्याची मदत घ्या. तत्त्वं माणसाला उभं करण्यासाठी आहेत. ती गळ्यात दोरीसारखी अडकवून घेऊ नका.

संयम सुटला, नको ते बोलून गेले. आता काय?

माफी मागायची आणि त्या माफीत ‘पण’ घालायचा नाही. ‘मी चिडले, पण तूही…’ असं म्हटलं की ‘पण’च्या आधीचं सगळं वाहून जातं. मग दिवसाचा उरलेला भाग जसा आहे तसा घ्यायचा. तो अजून ‘आज’च आहे.

मुलं बाहेरगावी, आई-वडील थकलेले, नोकरीचा भरवसा नाही. ‘चिंता करू नकोस’ म्हणणं सोपं आहे हो!

सोपं मुळीच नाही. मला पाचांतलं हे सर्वांत अवघड वाटतं. राग निदान येऊन जातो. चिंता मुक्कामाला येते.

चिंतेसाठी जपानीत ‘शिन्पाई’ हा शब्द दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ मन किंवा हृदय, दुसऱ्याचा वाटणं, वाटप करणं. मन वाटलं गेलं, थोडं मुलाच्या वसतिगृहात, थोडं दवाखान्याच्या रिपोर्टात, थोडं पुढच्या वर्षाच्या पगारात, आणि समोर बसलेल्या माणसासाठी काही उरलंच नाही. ही अवस्था ज्यानं अनुभवली आहे त्याला आणखी समजवावं लागत नाही.

आपल्याकडे याहून उपयोगी शब्द आहे, काळजी. ‘काळजी करणं’ आणि ‘काळजी घेणं’. एकच शब्द, पण त्याला लागलेलं क्रियापद बदललं की सगळं बदलतं. आईच्या गोळ्या संपत आल्यात, त्या आणल्या, ही काळजी घेतली. आईचं पुढच्या वर्षी काय होईल म्हणून रात्री दोनला छताकडे बघत पडले, ही काळजी केली. पहिल्यानं आईला काही मिळालं. दुसऱ्यानं आईला काहीच मिळालं नाही आणि सकाळी मी तिच्यावर खेकसले.

म्हणून चिंता दाटून आली की मी स्वतःला एकच विचारते, यातलं घेण्यासारखं काय आहे? फोन करायचा असेल तर करते. कागद शोधायचा असेल तर शोधते. रात्र असेल तर वहीत एक ओळ लिहिते, ‘सकाळी अकराला डॉक्टरांना विचारायचं’, आणि वही मिटते. जे घेण्यासारखं नाही, त्याच्यासाठी दोन्ही हात छातीवर ठेवून पडून राहते. कधी झोप लागते. कधी नाही लागत.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपण दुसऱ्याला समजावताना वापरतो. ती स्वतःला सांगून बघा. ज्या गोष्टींना घाबरून मी रात्री जागवल्या त्यांची यादी केली तर बहुतेक घडल्याच नाहीत. ज्या घडल्या त्या माझ्या यादीत नव्हत्या.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तत्त्वं म्हणत बसून वाट पाहू नका. मदत मागणं हीसुद्धा काळजी घेणंच आहे.

दुःखाच्या दिवसांत कृतज्ञ कसं राहायचं?

जबरदस्तीनं राहूच नका. आणि ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्याला ‘जे आहे त्याबद्दल आभार मान’ असं चुकूनही म्हणू नका. ते क्रूर आहे.

‘कान्शा’ या शब्दातलं पहिलं चित्राक्षर ‘जाणवणं’ या अर्थाचं आहे. आधी जाणवायला हवं, आभार नंतर. वहीत रोज पाच ओळी लिहायच्या ही पद्धत अनेकांना मानवते. मला ती महिन्याभरात यांत्रिक झाली, ‘घर, कुटुंब, आरोग्य’ असं तेच तेच उतरवत गेले. आता दिवसातली एकच गोष्ट धरते, पण बारीक धरते. बसमध्ये कुणीतरी न सांगता पिशवी मांडीवर घेतली. दुखरं बोट आज दुखलं नाही. फोनवर मैत्रीण काहीच न बोलता नुसती थांबली. दुःखाच्या काळात एवढंच दिसतं, आणि तेवढं पुरतं.

माझं काम मला आवडत नाही. ते ‘मन लावून’ कसं करू?

मूळ शब्द आहे ‘ग्यो’. हेच चित्राक्षर बौद्ध संदर्भात ‘गो’ असं वाचलं की त्याचा अर्थ कर्म होतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको, आपल्याकडे काम आणि कर्म सख्खे भाऊ आहेत. त्यामुळे ‘आपलं काम’ म्हणजे फक्त पगाराचं काम नाही. अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलणं, मुलाचा अभ्यास घेणं, फरशी पुसणं, स्वतःचा स्वभाव घासणं, सगळं त्यात आलं. ज्यांना दिवसभर घरात राबूनही ‘काही करत नाहीस’ असं ऐकावं लागतं, त्यांनी हे तत्त्व छाती काढून म्हणावं.

न आवडणाऱ्या कामाबद्दल माझा अनुभव असा की सगळं काम आवडून घ्यायचा प्रयत्न फसतो. त्यातला एक तुकडा नीट करायचा. एक हिशेब न चुकता, एक पत्र नीट वाचून, एका माणसाशी घाई न करता बोलून. बाकीचं काम तसंच राहतं, पण दिवस पूर्णपणे वाया गेला असं वाटत नाही. आणि काम मुळातच लबाडीचं असेल, कुणाला फसवावं लागत असेल, तर ते आवडायचा प्रश्नच येत नाही. दुसरं शोधायला लागा, वेळ लागला तरी.

‘मन लावून’ म्हणजे मरमर करणंही नव्हे. रात्री अकरापर्यंत ऑफिसात थांबून घरी सगळ्यांवर तडकणाऱ्या माणसानं एक तत्त्व पाळून चार मोडली.

मायेनं वागायचं म्हणजे सगळ्यांना ‘हो’ म्हणायचं?

नाही. मनात कुरकुरत म्हटलेला ‘हो’ समोरच्याला पोचतो, कुरकुरीसकट. नकारही मायेनं देता येतो, लवकर दिला आणि खोटी कारणं जोडली नाहीत तर. ‘या वेळी मला जमणार नाही’ हे पुरेसं वाक्य आहे.

‘लोकांशी’ यात तुम्ही स्वतःही येता. आपण मनातल्या मनात स्वतःशी ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेत परक्या माणसाशी बोलायची आपली हिंमत झाली नसती. एक दिवस ऐकून बघा.

काही ठिकाणी ‘आई-वडील, गुरू आणि वडीलधाऱ्यांचा मान राखीन’ असंही तत्त्व असतं. ते मूळचं का?

उसुईंच्या पाच ओळींत ते नाही. उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातले डॉक्टर. त्यांच्याकडे १९३० च्या दशकात हवायो ताकाता शिकल्या आणि त्यांनी रेकी हवाई बेटांवर नेली. १९८० मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर त्यांनी बावीस मास्टर, म्हणजे रेकी शिकवणारे गुरू, तयार केले होते. जपानबाहेरच्या बहुतेक परंपरा तिथून निघतात. वडीलधाऱ्यांचा मान, प्रामाणिकपणे पोट भरणं, प्रत्येक सजीवावर माया, हे शब्द त्या वाटेनं आपल्यापर्यंत आले. मूळ ओळीत ‘हितो’ म्हणजे माणसं एवढंच आहे.

कुठला पाठ बरोबर यावरून वाद घालताना मी माणसांना रागावलेलं पाहिलं आहे. तुमच्या गुरूंनी दिला तो पाठ म्हणा आणि मूळ ओळीही माहीत असू द्या.

सकाळ-संध्याकाळ म्हणायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मूळ मजकुरातच सांगितलं आहे: सकाळ-संध्याकाळ हात जोडा, मनात धरा आणि तोंडानं म्हणा. जपानीत हात जोडण्याला ‘गाश्शो’ म्हणतात. पाठ सरळ, तळहात एकमेकांना लागलेले, छातीसमोर. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा.

तोंडानं म्हणण्यावर माझा भर आहे. मनातल्या मनात म्हटलं की तिसऱ्या ओळीपर्यंत बाजारहाट आठवायला लागते. स्वतःचा आवाज कानावर पडला की मन जागेवर राहतं. दोन मिनिटं पुरतात.

जपानीत म्हणा किंवा मराठीत. मी जपानी ओळी त्यांच्या लयीसाठी म्हणते आणि मराठी त्यांच्या अर्थासाठी. एक बारीक फरक आहे. आपल्या वर्गांत बहुधा ‘मी रागावणार नाही’ असा पाठ असतो. मुळात ‘रागावू नकोस’ असं आहे. पहिल्यात शपथ आहे आणि शपथ मोडली की टोचते. दुसऱ्यात कुणीतरी प्रेमानं खांद्यावर हात ठेवून सांगतं आहे. महिनाभर एक, महिनाभर दुसरं, असं करून पाहा आणि जे मनाला लागेल ते ठेवा.

संध्याकाळचं म्हणणं सकाळपेक्षा वेगळं असतं. सकाळी आपण बोलतो. संध्याकाळी त्याच ओळी दिवसाकडे बोट दाखवतात, आणि त्या वेळी मी प्रत्येक ओळीनंतर जरा थांबते. ‘रागावू नकोस’, आणि दुपारचं ते भांडण समोर येतं. त्याचा निवाडा करायचा नाही. बघायचं आणि पुढची ओळ म्हणायची.

तत्त्वं पाळली, रेकी घेतली, तर आजार बरा होतो का?

उसुईंच्या मूळ मजकुरात ‘आजच्या दिवसापुरतं’च्याही आधी येणाऱ्या पहिल्याच ओळीत या तत्त्वांना सुख बोलावणारी गुप्त पद्धत आणि सर्व रोगांवरचं दिव्य औषध म्हटलं आहे. ती ओळ मी भक्तिभावानं वाचते, औषधाच्या चिठ्ठीसारखी वाचत नाही. रेकीनं एखादा रोग बरा होतो असं सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाही. चिंता आणि नैराश्याबद्दलच्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासून पाहणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही उपयोग होतो किंवा होत नाही हे म्हणण्याइतका पुरावा हाती आला नाही.

हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते, कारण रेकीवर माझं प्रेम आहे आणि तिच्या नावावर कुणाची गोळी बंद झालेली मला सहन होणार नाही. मधुमेहाचं, रक्तदाबाचं, मनाच्या आजाराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. ‘रेकी चालू आहे, औषध सोडा’ असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून दूर व्हा.

आणि उलट्या बाजूनंही एक. आजारी माणसाला ‘तू चिंता करतोस म्हणून हे झालं’ असं म्हणू नका. आधीच दुखणं आहे, त्यावर दोष कशाला ठेवायचा?

हे माझ्या धर्मात बसेल का?

पाच ओळींत कुठल्या देवाचं नाव नाही, पूजा नाही, कुणाला शरण जाणं नाही. ‘गोकाई’ हा शब्द मात्र जुना आहे. बौद्धांच्या पंचशीलाला जपानीत हाच शब्द आहे. पंचशीलात हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहायचं असतं. उसुईंचे पाच नियम वेगळे, पण शब्द निवडताना त्यांच्या कानात तो जुना नाद असावा असं मला वाटतं. वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं आणि कुठलीच श्रद्धा नसलेली माणसंही माझ्यासोबत हे म्हणत आली आहेत.

मुलांना शिकवावीत का?

पाठ करून घेऊ नका. त्यांच्यासमोर जमेल तेवढं पाळा. विचारलं तर सांगा.

मी जरा आवाज चढवला की घरचे म्हणतात, ‘तू तर रेकी करतेस ना, मग रागावतेस कशी?’ काय उत्तर देऊ?

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही, आणि सुरुवातीला ते फार लागायचं. एकदा तर त्यावरूनच मोठं भांडण झालं. त्या रात्री हात जोडून बसले तेव्हा लक्षात आलं, घरच्यांना माझ्यातला बदल दिसत होता, म्हणून तर त्यांना अपेक्षा होती. आधी कुणी असं म्हणत नसे, कारण माझ्या रागाची सगळ्यांना सवयच होती.

आता मी म्हणते, ‘हो, करते. आज सुटलं.’ एवढंच. स्पष्टीकरण देत नाही. तत्त्वं मी माझ्यासाठी घेतली आहेत, घरच्यांना त्यांची परीक्षा घ्यायची असेल तर घेऊ देत. पण तीच मोजपट्टी त्यांना लावायची नाही, हे मात्र मी कसोशीनं सांभाळते. ‘तुम्हीही जरा कृतज्ञ राहायला शिका’ हे वाक्य ज्या दिवशी तोंडातून गेलं, त्या दिवशी घरातलं कुणी माझ्याशी धड बोललं नाही, आणि ते बरोबर होतं.

फरक पडतोय हे कसं आणि किती दिवसांत कळेल?

दिवसांचा आकडा मी देणार नाही. स्वतःला फरक उशिरा कळतो, सोबतच्या माणसांना आधी कळतो. माझ्या बाबतीत राग येणं कमी झालेलं नाही, तो उतरायला लागणारा वेळ कमी झाला. पूर्वी दोन दिवस अबोला चालायचा. आता बहुतेक वेळा संध्याकाळची प्रार्थना होईपर्यंत तो विरघळतो, आणि मी उठून त्या माणसाच्या खोलीत जाते. कालच गेले होते. दार उघडंच होतं.